ग्राफिक डिझाइनचं कॉलेज निवडायचंय? आधी मधल्या विद्यार्थ्याचं काम मागा

नोकरी मागायला येणाऱ्या नवख्या डिझायनरांचे पोर्टफोलिओ मी बरीच वर्षं पाहतो आहे. त्यातली एक गंमत सांगतो. एकाच कॉलेजातून आलेल्या पाच जणांचं काम शेजारी शेजारी मांडलं की ती पाच मुलं राहतात बाजूला, आणि त्यांचं कॉलेजच समोर उभं राहतं. काही ठिकाणची पाचही मुलं तेच ते प्रकल्प दाखवतात: एका काल्पनिक कॅफेचा लोगो, एका बाटलीचं लेबल, एका अ‍ॅपचे तीन स्क्रीन. लोगोही असे की पाचही एकाच हाताने काढल्यासारखे. दुसऱ्या कुठल्या कॉलेजची पाच मुलं पाच दिशांना गेलेली असतात, काहींचं काम कच्चंही असतं, पण ‘हे अक्षर इथे एवढं मोठं का?’ असं विचारलं की प्रत्येकाकडे उत्तर असतं.

हा फरक माहितीपत्रकात सापडत नाही. तिथे सगळीच कॉलेजं सारखी दिसतात: काचेची इमारत, हसरे चेहरे, सुवर्णपदक मिळवलेलं एक पोस्टर. म्हणून या लेखात फरक शोधायचा कसा, तेवढंच सांगणार आहे. माझं गृहीतक साधं आहे. हुशार, झपाटलेला विद्यार्थी कुठेही गेला तरी चांगलंच काम करतो, त्याचं श्रेय कॉलेजला देणं अवघड आहे. कॉलेजचा खरा कस लागतो तो वर्गातल्या मधल्या मुलांवर.

पायरी पहिली: महिनाभर स्वतःला तपासून पाहा

‘मुलाचा हात चांगला आहे, चित्रं छान काढतो, मग ग्राफिक डिझाइनलाच घालू’ हे वाक्य मी असंख्य पालकांकडून ऐकलं आहे. चित्रकला आणि ग्राफिक डिझाइन एकमेकींच्या नात्यातल्या आहेत, पण एक नव्हेत. अमेरिकेतले डिझायनर डब्ल्यू. ए. ड्विगिन्स यांनी १९२२ मध्ये ‘ग्राफिक डिझाइन’ हा शब्द एका लेखात वापरला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर छपाई होती: अक्षरं, पानं, जाहिराती. आज त्यात बोधचिन्हं आणि ब्रँडची ओळख, पुस्तकं आणि मासिकं, वेष्टनं, दिशादर्शक पाट्या, नकाशे आणि तक्ते, अ‍ॅपचे स्क्रीन, हलती अक्षरं असं पुष्कळ काही आलं. पण गाभा तोच राहिला: कुणाला तरी काहीतरी सांगायचं आहे, ते चटकन आणि नेमकं पोहोचावं म्हणून केलेली मांडणी.

लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा घ्या. हॅरी बेक हे विद्युत आराखडे काढणारे ड्राफ्ट्समन. त्यांनी १९३१ मध्ये असा नकाशा काढला की त्यात खरी अंतरं नव्हती, रस्त्यांची वळणं नव्हती. होत्या फक्त सरळ रेषा, ठरावीक कोन आणि स्थानकांचा क्रम. १९३३ मध्ये तो छापला गेला आणि लोकांनी उचलून धरला. जमिनीखाली बसलेल्या प्रवाशाला वर कुठली गल्ली आहे याच्याशी कर्तव्य नसतं, त्याला गाडी कुठे बदलायची ते हवं असतं, हे बेक यांनी ओळखलं. काय गाळायचं हे कळणं, यातच या धंद्याची निम्मी कला आहे.

तेव्हा कॉलेजांची यादी करण्याआधी एक महिना घ्या आणि घरच्या घरी तीन कामं करून पाहा. एखादं गचाळ वेळापत्रक किंवा सूचनाफलक घेऊन ए-४ कागदावर दहा वेळा नव्याने मांडा. अट एकच: एकच टाइप (म्हणजे अक्षरांचं एकच वळण), दोनच आकार, रंग फक्त काळा. मग रोजची एखादी कृती, समजा सायकलचं पंक्चर काढणं, शब्द न वापरता सहा चौकटींत समजावून द्या आणि ती अनोळखी माणसाला दाखवा. तिसरं काम म्हणजे हजारेक शब्दांचा लेख चार पानांत असा बसवा की वाचणारा मध्ये थांबणार नाही. सातव्या-आठव्या प्रयत्नालाही ‘अजून ही ओळ थोडी खाली सरकवून बघू’ असं वाटत राहिलं, तर तुम्ही योग्य वाटेवर आहात. कंटाळा आला आणि फक्त चौकटींतली चित्रं काढतानाच रमलात, तर बोधचित्रण किंवा अ‍ॅनिमेशनकडे पाहा. त्यात कमीपणा काही नाही. उलट चार वर्षं वाचतील.

एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारायलाच हवा: कॉलेज लागतंच का? बेक कुठे डिझाइन शिकले होते? १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकासाठी चिन्हं काढणाऱ्या सुझन केअर यांचं शिक्षण ललित कलेचं होतं. सॉफ्टवेअरचे धडे तर आज घरबसल्या मिळतात. घरबसल्या मिळत नाहीत त्या गोष्टी थोड्याच आहेत: तुमचं काम रोज पाहून ‘हे जमलेलं नाही, आणि का नाही ते असं’ म्हणणारी जाणती माणसं, चुका करायला मोकळा वेळ, हाताखाली यंत्रं, आणि शेजारच्या टेबलावर तुमच्यापेक्षा सरस काम करणारा कुणीतरी. कॉलेज निवडताना याच चार गोष्टी विकत घ्यायच्या आहेत. त्या नसतील तर फी फक्त प्रमाणपत्राची भरता आहात.

पायरी दुसरी: कॉलेजचं कूळ ओळखा

प्रत्येक डिझाइन कॉलेज कुणाचं तरी वारसदार असतं. तिथल्या लोकांना ते ठाऊक नसलं, तरी वेळापत्रकात दिसतंच.

१९१९ मध्ये वास्तुविशारद वाल्टर ग्रोपिअस यांनी जर्मनीतल्या वायमार इथे बाउहाउस ही कला आणि डिझाइनची शाळा सुरू केली. तिथे कार्यशाळेत पाऊल ठेवण्याआधी योहानेस इटन यांचा पायाभूत अभ्यासक्रम करावा लागे: कागद, लाकूड, कापड हाताळून पाहणं, पोताचा, रंगाचा, आकाराचा अभ्यास. १९३३ मध्ये नाझी राजवटीच्या दबावाखाली शाळा बंद पडली, पण पायाभूत वर्षाची कल्पना जगभर गेली. आज ‘फाउंडेशन’ नावाचं पहिलं वर्ष दिसलं की त्याचं मूळ तिथे आहे असं समजा.

१९५३ मध्ये जर्मनीतल्याच उल्म इथे दुसरी शाळा निघाली. सुरुवातीला तीही बाउहाउसच्याच वळणावर होती, पण लवकरच तिने कलेशी अंतर राखून गणित, चिन्हशास्त्र आणि मानवी वर्तनाचा अभ्यास यांना जवळ केलं. संस्थापकांपैकी ओट्ल आयखर यांनी विद्यार्थ्यांच्या गटाला घेऊन १९६२ मध्ये लुफ्तान्सा विमान कंपनीची संपूर्ण दृश्य ओळख घडवली. १९६८ मध्ये उल्म बंद झालं. ‘आधी संशोधन, मग आरेखन’ असा आग्रह धरणारी आजची कॉलेजं याच घराण्यातली.

तिसरं घराणं स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचं. एमिल रूडर आणि आर्मिन होफमान यांच्या वर्गात बिंदू, रेषा, काळं-पांढरं आणि अक्षर यांवर महिनोन्‌महिने घासून घेतलं जाई. तिथे मोठमोठे प्रकल्प थोडे आणि डोळ्याला लावलेली शिस्त फार.

हा इतिहास परीक्षेसाठी सांगत नाही. कॉलेजात गेल्यावर विचारा, पहिल्या वर्षी विद्यार्थी नेमकं काय करतात? ‘निसर्गचित्र, स्थिरचित्र, व्यक्तिचित्र’ असं उत्तर आलं तर ते कलाशाळेचं कूळ. तिथे हात तयार होतो, पण ‘हे कुणासाठी?’ हा प्रश्न उशिरा येतो. ‘लोकांच्या मुलाखती घेतात, समस्या मांडतात’ असं असेल तर ते डिझाइन संस्थेचं कूळ. तिथली मुलं बोलतात छान, पण काहींना दोन अक्षरांमधलं अंतर दिसत नाही. विद्यापीठाच्या विभागात इतर विषयांची सोबत मिळते, मात्र स्टुडिओचे तास कमी पडू शकतात. आणि ‘पहिल्या महिन्यात फोटोशॉप, दुसऱ्या महिन्यात इलस्ट्रेटर’ असं असेल, तर तो क्लास आहे. क्लास वाईट नसतो, पण त्याने स्वतःला कॉलेज म्हणवून घेऊ नये आणि कॉलेजची फीही मागू नये.

कुठलं कूळ चांगलं हे मी सांगणार नाही. तुमचा हात कच्चा आहे की विचार विस्कळीत आहे, ते तुम्हाला जास्त माहीत. जे कमी आहे ते शिकवणाऱ्या घरात जा. बहुतेक जण उलट करतात: जे येतं त्याचंच कौतुक होईल अशी जागा शोधतात.

पायरी तिसरी: अभ्यासक्रम वाचा, पण तास मोजून

विषयांची नावं फसवी असतात. ‘व्हिज्युअल कम्युनिकेशन ३’ म्हणजे काहीही असू शकतं. म्हणून आठवड्याचं वेळापत्रक मागा आणि पेन्सिल घेऊन बसा.

आधी सॉफ्टवेअरच्या नावाने किती विषय आहेत ते मोजा. हे माझं खास खुसपट आहे, पण त्याला कारण आहे. १९८५ मध्ये आलेल्या पेजमेकर या सॉफ्टवेअरवर एक पिढी पान जुळवायला शिकली. मग क्वार्कचं राज्य आलं, १९९९ मध्ये इनडिझाइन आलं. वेबवरच्या अ‍ॅनिमेशनसाठी असलेल्या फ्लॅशवर काहींनी सगळं करिअर उभं केलं. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचा आधारच काढून घेतला गेला. आज अ‍ॅप आणि वेबचे स्क्रीन आखायला सगळे ज्या फिग्मावर काम करतात ते २०१६ पूर्वी सर्वांसाठी खुलंही नव्हतं. तुम्ही पदवी घेऊन बाहेर पडाल तोवर चित्र पुन्हा बदललेलं असेल, आणि चित्रं तयार करून देणाऱ्या एआयमुळे ते अधिकच वेगाने बदलतं आहे. सॉफ्टवेअर शिकवायला हवंच, पण प्रकल्पाच्या पोटात. एकूण तासांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त तास अवजारांच्या नावावर असतील तर मी ते कॉलेज यादीत खाली ढकलेन.

मग टायपोग्राफी, म्हणजे अक्षरांची निवड आणि मांडणी. किती सत्रं आहे? एकच असेल तर सावध व्हा. दोन असतील तर बरं, आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या रूपात असेल तर उत्तम. शिकवतात काय तेही विचारा. पोस्टरवर एक भलंमोठं अक्षर टाकणं कुणालाही जमतं. वाचायचा मजकूर जुळवणं, ओळीची लांबी, ओळींमधलं अंतर, तळटिपा, तक्ते ही खरी मेहनत आहे. इथे लिपीचा प्रश्नही येतो. देवनागरीत मात्रा आणि रफार वर जातात, उकार खाली लोंबतात. रोमन लिपीच्या हिशेबाने ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. अक्षरं विरळ करायला जावं तर शिरोरेघ तुटते. तुम्हाला ज्या लिपीत काम करायचं आहे तिचा एकही प्रकल्प अभ्यासक्रमात नसेल, तर तो भाग स्वतःच शिकावा लागेल हे धरून चाला.

छपाई आणि पडदा दोन्ही आहेत का ते पाहा. फक्त पडद्यावर वाढलेल्या मुलाला ब्लीड म्हणून, म्हणजे पान कापताना पांढरी कड राहू नये म्हणून, छपाई कडेबाहेर तीन मिलिमीटर का वाढवतात ते कळत नाही, आणि आरजीबीतला, म्हणजे पडद्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या उजेडातला, झगझगीत निळा छापून आल्यावर मळका का दिसतो याचं तो नवल करत बसतो. उलट फक्त छपाई शिकलेल्याला वेगवेगळ्या रुंदीच्या पडद्यांवर मजकूर कसा वाहतो ते समजत नाही, किंवा साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उजेडाचा फरक किमान ४.५:१ असावा हा दृष्टी अधू असलेल्यांसाठीचा दंडक त्याच्या कानावरही आलेला नसतो.

डिझाइनचा इतिहास, थोडं लेखन आणि व्यवहार या तीन गोष्टी असाव्यात. व्यवहार म्हणजे दरपत्रक, करार, कॉपीराइट. १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या पोर्टलंड स्टेट विद्यापीठातल्या विद्यार्थिनीने ३५ डॉलरमध्ये एका बूट कंपनीचं चिन्ह काढून दिलं. ती कंपनी पुढे नायकी झाली. १९८३ मध्ये कंपनीने तिला शेअर देऊन आभार मानले खरे, पण ती कंपनीची मर्जी होती, कराराचं कलम नव्हतं. म्हणून कॉलेजला हेही विचारून ठेवा की विद्यार्थ्याने वर्गात केलेल्या कामाची मालकी कुणाकडे राहते, आणि बाहेरचे ग्राहक प्रकल्प देतात तेव्हा पैसे कुणाला मिळतात. या प्रश्नावर समोरचा चाचरला की समजून जा.

पायरी चौथी: वर्गातल्या मधल्या मुलाचं काम

आता मुद्द्याची गोष्ट. वार्षिक प्रदर्शनाला जा, पण दारातल्या झगमगीत भिंतीसमोर रेंगाळू नका. मागच्या खोलीत, कोपऱ्यात, जिन्याखाली लावलेलं काम पाहा. प्रदर्शन नसेल त्या दिवसांत गेलात तर सरळ म्हणा, ‘दुसऱ्या वर्षाच्या एका वर्गाचा एकच प्रकल्प, सगळ्यांचा, पाहायला मिळेल का?’ पहिल्या वर्षाचं काम मुलाने घरून आणलेल्या संस्कारांवर चालतं, शेवटच्या वर्षाचं निवडून सजवलेलं असतं. दुसऱ्या वर्षात कॉलेज उघडं पडतं.

तीस कामं समोर आली की हे शोधा. सगळी एकसारखी दिसतात का? मग शिक्षक स्वतःची आवड मुलांकडून गिरवून घेतो आहे. सगळी नेटवरच्या चालू फॅशनसारखी दिसतात का? मग शिक्षक काहीच करत नाही. मजकूर खरा आहे की ‘लोरेम इप्सम’ हा निरर्थक लॅटिनसारखा मजकूर टाकून जागा भरली आहे? खोटा मजकूर ज्या कॉलेजात चालतो तिथे वाचकाचा विचार होत नाही, एवढं मी बेधडक सांगतो. तयार मॉकअपमध्ये, म्हणजे काम खरंच वापरात असल्यासारखं दाखवणाऱ्या चित्रात, भिंतीवर टांगलेल्या सुंदर फ्रेममध्ये किंवा हातात धरलेल्या फोनमध्ये चिकटवलेल्या कामावर भाळू नका. खरं छापलेलं, घडी घातलेलं, शिवलेलं काहीतरी हातात घ्या. घडी अक्षरावरून गेली आहे का ते पाहा.

आणि रफ मागा. पक्क्या कामापेक्षा त्यामागची वीस रफ पानं कॉलेजबद्दल जास्त सांगतात. पहिल्या कल्पनेपासून शेवटच्या कामापर्यंत काही बदललंच नसेल, तर मधले दोन महिने त्या मुलाशी कुणी बोललंच नाही असा अर्थ होतो. आपल्या क्षेत्रात शिकवणं म्हणजे बहुतांशी हेच: तिसरा रफ आणि सातवा रफ यांच्यामध्ये झालेलं बोलणं.

पायरी पाचवी: एका क्रिटला बसा

क्रिट म्हणजे सगळ्यांनी आपलं काम भिंतीवर लावायचं आणि वर्गाने त्यावर बोलायचं. काही ठिकाणी याला ज्युरी म्हणतात, पण ज्युरी बहुधा गुण देण्यासाठी असते आणि क्रिट काम सुधारण्यासाठी. कॉलेजला विनंती करा, मागच्या बाकावर तासभर बसू द्या. सगळेच देणार नाहीत. एखादं देतं, त्याला माझ्याकडून एक गुण जादा.

मी एकदा पाहुणा म्हणून अशाच एका ज्युरीला गेलो होतो, कॉलेजचं नाव घेत नाही. एका मुलीने औषधाच्या वेष्टनांवरच्या सूचना वृद्धांना वाचता याव्यात म्हणून प्रकल्प केला होता. चार मिनिटांत निकाल लागला: ‘रंग फिके आहेत. पुढचं.’ तिने सात वृद्धांना भेटून टिपणं काढली होती, ती वही कुणी उघडलीही नाही. त्याच भिंतीवर एक चकचकीत पोस्टर होतं, त्याला ‘व्वा’ मिळाली. मुलांनी त्या दिवशी काय शिकलं असेल ते सांगायला नको.

चांगल्या क्रिटमध्ये ‘आवडलं’, ‘नाही आवडलं’ हे शब्द फार कमी ऐकू येतात. ‘मला आधी हे दिसलं, मग ते, आणि तारीख शोधायला वेळ लागला’ अशी वाक्यं येतात. फक्त शिक्षक बोलत नाही, मुलं एकमेकांना खोडून काढतात आणि तरी कुणी रडवेलं होत नाही. ज्याचं काम आहे तो लिहून घेत असतो. शेवटी ‘पुढच्या वेळी काय करून आणशील?’ असा प्रश्न येतो. कडक शब्द म्हणजे चांगलं शिक्षण ही एक जुनी गैरसमजूत आहे. अपमान सोसून मुलगा कणखर होत असेलही, पण त्याची मांडणी सुधारत नाही.

पायरी सहावी: शिक्षक कोण, आणि पहिल्या वर्षाला कोण

संकेतस्थळावर नामवंतांची छायाचित्रं असतात. त्यातले किती जण वर्षातून एकदा भाषण देतात आणि किती जण दर आठवड्याला वर्गात येतात ते वेगळं काढा. पहिल्या वर्षाला कोण शिकवतं ते खास विचारा. चांगली कॉलेजं आपले सर्वांत मुरलेले शिक्षक पायाभूत वर्षाला देतात. वाईट कॉलेजं तिथे गेल्या वर्षी पास झालेल्या मुलांना उभं करतात.

शिक्षक स्वतः काम करणारा असावा, पण इतकाही व्यग्र नको की तासाला फोनवरच असेल. काम करणाऱ्या शिक्षकाचा फायदा कसा होतो त्याचं मला आवडणारं उदाहरण मार्गारेट कॅल्व्हर्ट यांचं. त्या चेल्सी स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत होत्या. तिथले शिक्षक जॉक किनियर यांना गॅटविक विमानतळाच्या पाट्यांचं काम मिळालं, तेव्हा त्यांनी या विद्यार्थिनीला मदतीला घेतलं. पुढे दोघांनी मिळून ब्रिटनच्या रस्त्यांवरचे फलक घडवले, ते १९६५ पासून लागू झाले आणि मूळ आराखडा आजही टिकून आहे. प्रत्येकाला किनियर भेटेल असं नाही. पण शिक्षकाच्या हातात खरं काम असेल तर दार उघडण्याची शक्यता तरी राहते.

स्टुडिओच्या तासाला एका शिक्षकामागे किती विद्यार्थी असतात ते विचारा आणि गणित करा. तीन तासांचा वर्ग आणि साठ मुलं म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटं. वीस मुलं असतील तर नऊ.

पायरी सातवी: जागा, यंत्रं, ग्रंथालय

हे झटपट उरकता येतं. स्क्रीन प्रिंटिंगचं टेबल असेल तर त्यावरची शाई ओली आहे की धूळ बसली आहे ते पाहा. प्रिंटर चालू आहे का, कटिंग मॅट झिजलेल्या आहेत का. झिजलेल्या मॅट हे फार चांगलं लक्षण. स्टुडिओ संध्याकाळी किती वाजता बंद होतो? पाचला कुलूप लागत असेल तर सगळं काम घरी होतं, म्हणजे शेजारच्या टेबलाचा फायदा गेला. ग्रंथालयात डिझाइनची मासिकं आणि टाइपचे नमुने आहेत का, आणि ती पुस्तकं घरी नेता येतात की काचेच्या कपाटात बंद आहेत, तेही बघून घ्या.

पायरी आठवी: मान्यता आणि खर्च

पदवी आहे की पदविका, ती देणारं विद्यापीठ कोणतं, आणि तुमच्या देशातल्या शिक्षण नियामक संस्थेच्या यादीत त्याचं नाव आहे का, हे कॉलेजच्या कागदावर न पाहता त्या संस्थेच्या स्वतःच्या यादीत पाहा. ‘संलग्न’, ‘सहकार्याने’, ‘आंतरराष्ट्रीय भागीदार’ हे शब्द मान्यतेचा अर्थ देत नाहीत. स्टुडिओत नोकरी देताना पदवीचा कागद क्वचितच कुणी पाहतो. पण परदेशी उच्च शिक्षण, अध्यापन, सरकारी नोकरी आणि काही देशांचा कामाचा व्हिसा, इथे त्याच्यावाचून अडतं.

खर्चात फी हा फक्त दिसणारा भाग आहे. संगणक, सॉफ्टवेअरचं वर्गणीशुल्क, छपाई, कागद, बाइंडिंग, कॅमेरा, अभ्याससहली यांची वर्षाची सरासरी शेवटच्या वर्षातल्या दोन विद्यार्थ्यांना विचारा, कार्यालयाला नको. छपाईचा खर्च सत्राच्या शेवटी एकदम अंगावर येतो आणि कर्ज काढून शिकणाऱ्याला नेमका तोच जड जातो. सॉफ्टवेअरचा परवाना कॉलेज देतं का हेही तेव्हाच विचारून घ्या.

पायरी नववी: प्लेसमेंटचा आकडा उलगडा

‘९० टक्के प्लेसमेंट’ असं वाचलं की पहिला प्रश्न: कशाचे ९० टक्के? समजा वर्गात ६० मुलं आहेत. त्यातल्या ४० जणांनी प्लेसमेंटसाठी नाव नोंदवलं आणि ३६ जणांना काम मिळालं. छापायला आकडा ९० टक्के. पण ६० पैकी ३६ म्हणजे ६० टक्केच. त्या ३६ मध्ये किती जण डिझायनर म्हणून लागले आणि किती जण ‘सोशल मीडिया एक्झिक्युटिव्ह’ म्हणून रोज वीस पोस्ट पाडत बसले, किती जणांची ती पगारी नोकरी होती आणि किती जणांची तीन महिन्यांची इंटर्नशिप, हे वेगळंच. उरलेले २४ जण बेकार आहेत असंही नाही. काही पुढे शिकतात, काही स्वतःचं काम सुरू करतात. कॉलेजला आपल्या जुन्या विद्यार्थ्यांचा पत्ता असेल तर ते हे सगळं मोकळेपणाने सांगतं.

दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांना स्वतः गाठा. ‘कॉलेज कसं आहे?’ असं विचारू नका, उत्तर ‘छान आहे’ असंच येतं. ‘कोणत्या प्रकल्पाने तुझं काम बदललं?’, ‘नोकरीला लागल्यावर पहिल्या महिन्यात कशाची लाज वाटली?’, ‘तुझ्या वर्गातले किती जण मध्येच सोडून गेले आणि का?’ असे प्रश्न विचारा. पहिल्या प्रश्नावर कुणाला काहीच आठवलं नाही, तर ते उत्तरच समजा.

पायरी दहावी: प्रवेशाची अट तुम्हाला काय सांगते

कॉलेज तुमची परीक्षा घेतं तेव्हा तुम्हीही त्याची घेत असता. प्रवेशासाठी नुसते गुण पुरत असतील तर वर्गात शेजारी कोण बसेल ते सांगता येत नाही. पोर्टफोलिओ मागत असतील तर कशाचा? फक्त पक्की चित्रं, की स्केचबुक आणि प्रक्रियाही? ‘तुमच्या स्केचबुकाची काही पानं पाठवा’ असं म्हणणारं कॉलेज पुढे तुमचे रफही पाहील, अशी आशा धरता येते.

बहुतेक ठिकाणी दहा ते वीस कामं पुरतात. निवडताना वर सांगितलेल्या महिन्याभराच्या कामातलं काहीतरी नक्की घाला: ते वेळापत्रक, त्याच्या दहा आवृत्त्यांसह. प्रसिद्ध नटनट्यांची हुबेहूब पेन्सिलचित्रं प्रत्येक अर्जात असतात, ती एकापेक्षा जास्त नकोत. मुलाखतीत ‘यातलं सर्वांत फसलेलं काम कोणतं?’ असं कुणी विचारलं तर आनंद माना, आणि खरं उत्तर द्या.

शेवटची पायरी: यादी लहान करा

गुणांचे तक्ते मांडून बेरीज करू नका. त्यात चांगली इमारत आणि वाईट क्रिट मिळून सरासरी छान येते. त्याऐवजी गाळत जा. मान्यता संशयास्पद असेल तर नाव काढा. पैसे जमणारच नसतील तर काढा. टायपोग्राफी एकाच सत्रात गुंडाळलेली असेल तर काढा. दुसऱ्या वर्षाचं काम दाखवायला टाळाटाळ केली तर काढा. एवढं केल्यावर दोन किंवा तीनच नावं उरतात, आणि त्यांच्यात निवड करताना शहर आवडणं, मित्र तिथे असणं अशी कारणंही चालतात.

मनातलं कॉलेज मिळालं नाही आणि दुसऱ्या पसंतीच्या ठिकाणी जावं लागलं, तर पहिल्या दिवसापासून एक सवय लावा. प्रत्येक रफ, प्रत्येक फसलेली छपाई, शिक्षकाने लाल पेनाने केलेली प्रत्येक खूण तारीख टाकून जपून ठेवा. वर्षअखेरीस दुसऱ्या कॉलेजात बदली मागायची वेळ आली तर हाच गठ्ठा पुढे करायचा आहे. आणि त्यात लाल खुणाच नसतील, तर बदली मागायची की नाही हेही तोच गठ्ठा सांगेल.